‘विजेचं बिल शून्य होणार’ हा व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आलाय? मग आधी स्फटिक दाखवा म्हणा

आमच्या यावलच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक व्हिडिओ येतो. करड्या रंगाचा छोटासा दगड, त्याच्या खाली चुंबक, दगडाची एक कड हवेत उचललेली. मागे ढॅणढॅण संगीत आणि एक आवाज सांगतो की शास्त्रज्ञांना चमत्कारी पदार्थ सापडलाय, आता तारेत वीज वाया जाणार नाही आणि बिल शून्य येणार. परवा तो पुन्हा आला. या वेळी मामांनी फॉरवर्ड केला होता आणि खाली लिहिलं होतं, “खरंय का हे भो? तू तर पत्रकार आहेस.”

मामांची केळी आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन मळ्यात जायचं, मोटर सुरू करायची आणि ती ट्रिप होत नाही ना, हे बघत बसायचं. सातपुड्याच्या पायथ्याला रात्री मळ्यात जाणं म्हणजे काय, ते तिथल्यांना विचारा. त्यामुळे विजेची बातमी त्यांच्यासाठी टाइमपास नसते.

मी लगेच टाइप केलं, “नाही मामा, फेक आहे.”

त्यांचा पुढचा मेसेज एका शब्दाचा होता. “कशावरून?”

खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारावीनंतर फिजिक्सशी माझा संबंध संपला. मग आठ-दहा दिवस वाचत बसलो. उत्तर सापडलं, पण ते व्हिडिओतल्या दगडात नव्हतं. ते लोखंडाच्या एका विचित्र गुणात, कल्हईच्या कथलात आणि मुंबईच्या कुलाब्यात होतं.

दगड हवेत उचलला म्हणजे काय सिद्ध झालं?

अतिवाहक म्हणजे सुपरकंडक्टर. अशा पदार्थातून वीज जाताना अडथळाच होत नाही. साध्या तांब्याच्या तारेत थोडा अडथळा असतो, म्हणून तार तापते आणि तेवढी वीज उष्णता होऊन जाते. अतिवाहकात तो अडथळा शून्य. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे हाइके कॅमरलिंग ओन्स यांना पाऱ्यात हा गुण दिसला. पण त्यासाठी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागला.

इथूनच सगळी गोम सुरू होते. गेली शंभरहून जास्त वर्षं प्रश्न एकच आहे: हा गुण कमी थंडीत कसा मिळेल?

अतिवाहकाची दुसरी खूण म्हणजे तो चुंबकत्व आपल्या अंगातून बाहेर ढकलतो. १९३३ मध्ये हे लक्षात आलं. त्यामुळे तो चुंबकावर तरंगतो आणि व्हिडिओ व्हायरल होतात. अडचण अशी की चुंबकावर थोडंफार उचललं जाणारे पदार्थ दुसरेही आहेत. शुद्ध ग्राफाइटचा पातळ तुकडा योग्य चुंबकांवर सहज तरंगतो आणि त्याचा अतिवाहकतेशी काही संबंध नाही.

२०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ जाहीर केला. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचं हे संयुग खोलीच्या तापमानाला, त्याहीपेक्षा गरम असताना अतिवाहक असतं, असा त्यांचा दावा होता. आपल्या ग्रुपवर फिरणारे बरेचसे व्हिडिओ त्याचेच किंवा त्याच्या नकलांचे आहेत. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत व्ही. पी. एस. अवाना यांच्या गटाने तो पदार्थ आठवड्याभरात बनवूनही पाहिला. त्यांना अतिवाहकता दिसली नाही.

पण वाद संपवणारं उत्तर जर्मनीतून आलं. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी एलके-९९ चा शुद्ध, एकसंध स्फटिक वाढवला. तो करडा नव्हताच. तो पारदर्शक जांभळा निघाला आणि त्यातून वीज जवळपास जातच नव्हती. म्हणजे अतिवाहक तर नाहीच, उलट तो रोधक होता. मग कोरियातल्या तुकड्यात अडथळा अचानक कमी होताना कशामुळे दिसला? त्यात भेसळ होती कॉपर सल्फाइडची. हा पदार्थ १०४ अंशांच्या आसपास आपली रचना बदलतो आणि त्याचा अडथळा एकदम खाली येतो. सगळा गोंधळ त्या भेसळीने घातला होता.

म्हणजे “कशावरून?” याचं उत्तर मला इथे मिळालं. स्फटिकावरून.

पेढा आणि खडीसाखर

प्रयोगशाळेत नवा पदार्थ बहुतेकदा आधी पावडरीच्या रूपात होतो. ती दाबून तिची वडी करतात, भाजतात आणि मोजमाप घेतात. अशी वडी म्हणजे पेढा समजा. त्यात खवा आहे, साखर आहे, वेलदोडा आहे, मध्येमध्ये पोकळ्याही आहेत. पेढा चाखून ‘साखरेची चव अशी असते’ असं ठामपणे सांगता येत नाही.

खडीसाखरेचं तसं नसतं. दाट पाकात दोरा सोडून तो हळूहळू थंड होऊ दिला की साखरेचे कण एकमेकांना ओळीत चिकटत जातात आणि कोनदार खडा तयार होतो. प्रत्येक कण आपापल्या जागी, तेही एकाच शिस्तीत. एकसंध स्फटिक म्हणजे हेच. त्यात मोजलेली गोष्ट त्या पदार्थाचीच असते, दोन कणांच्या मधल्या फटीची किंवा भेसळीची नसते. शिवाय वडीत कण कसेही पडलेले असल्याने सगळ्या दिशांची सरासरी मिळते. स्फटिकात मात्र उभ्या दिशेला वीज कशी जाते आणि आडव्या दिशेला कशी, हे वेगळं मोजता येतं.

आता लोखंडाकडे येऊ, कारण स्फटिकाशिवाय काहीच कळत नाही हे सर्वांत ठळकपणे तिथेच दिसलं.

लोखंड? ते तर चुंबक!

चुंबकत्व आणि अतिवाहकता एकमेकांचे वैरी, असं अनेक दशकं मानलं जायचं. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात आणि चुंबकी अणू ती जोडी फोडतो. चांगल्या अतिवाहकात थोडं लोखंड मिसळलं तर त्याचा गुण जातो, हे प्रयोगात दिसत होतं. त्यामुळे नवीन अतिवाहक शोधायचा तर लोखंडाच्या वाटेला जायचं नाही, असा साधा हिशेब होता.

२००८ च्या फेब्रुवारीत टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने तो हिशेब मोडला. लँथनम, लोखंड, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात थोडं फ्लोरिन घातलं आणि ते उणे २४७ अंशांना अतिवाहक झालं. गंमत म्हणजे होसोनो अतिवाहकांचे शास्त्रज्ञ नव्हतेच. ते पारदर्शक अर्धवाहकांवर काम करायचे. इंडियम, गॅलियम आणि झिंक यांच्या ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर त्यांच्याच गटाने पुढे आणले आणि आज अनेक टीव्ही-मॉनिटरच्या पडद्यांमागे ते असतात. म्हणजे हा लेख तुम्ही मोठ्या स्क्रीनवर वाचत असाल, तर होसोनोंचं काम कदाचित आत्ता तुमच्यासमोर चालू आहे.

मग शर्यत लागली. चीनमधल्या गटांनी लँथनमच्या जागी समेरियम वगैरे घालून काही आठवड्यांतच तापमान उणे २१८ पर्यंत वर आणलं. म्युनिकमध्ये बेरियम, लोखंड आणि आर्सेनिकचं कुटुंब सापडलं. तैवानच्या गटाला आर्सेनिक नसलेलं, फक्त लोखंड आणि सेलेनियमचं साधं संयुग मिळालं. तेही अतिवाहक, पण उणे २६५ ला. पुढे २०१२ मध्ये बीजिंगच्या शुए चिखुन यांच्या गटाने याच संयुगाचा फक्त एका थराचा पापुद्रा एका खास स्फटिकावर चढवला, तर त्यात उणे २०० च्या थोडं खाली अतिवाहकतेच्या खुणा दिसल्या. एकच पदार्थ, पण जाडी बदलली की स्वभाव एवढा बदलतो.

‘उच्च तापमान’ या शब्दाने फसू नका. या क्षेत्रात उणे २१८ सुद्धा ‘उच्च’ असतं. तांब्याच्या ऑक्साइडचे अतिवाहक तर त्याहून वर जातात. १९८६ मध्ये बेडनॉर्त्झ आणि म्युलर यांनी ते शोधले, पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं आणि १९८७ मध्येच उणे १८० चा टप्पा गाठला गेला. लोखंडाचं महत्त्व आकड्यात नाही. ज्याला शत्रू समजत होतो त्याच्या घरात अतिवाहकता सापडली, आणि ती का सापडली हे अजून कुणालाही पूर्ण समजलेलं नाही.

कल्हईचं कथील आणि आर्सेनिकची नळी

हे स्फटिक वाढवतात कसे, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला.

बेरियम, लोखंड आणि आर्सेनिक नुसतं भट्टीत टाकून वितळवता येत नाही. आर्सेनिक तापवलं की त्याची वाफ होते. ती विषारी असते (जुन्या गोष्टींतला सोमल म्हणजे त्याचाच ऑक्साइड) आणि बंद नळीत दाब वाढला की नळी फुटते. म्हणून एक युक्ती वापरतात. पाकात जसं पाणी, तसं इथे वितळलेलं कथील. हो, तेच कथील. कल्हईवाला पितळेच्या भांड्याला आतून लावायचा ते. ते २३२ अंशांनाच वितळतं आणि बाकीचे घटक त्यात विरघळतात.

आर्गॉन वायूने भरलेल्या काचेच्या पेटीत, बाहेरून हातमोजे घालून, घटक मोजून घेतात. जळगावच्या सराफ बाजारात सोनं वितळवायला मूस असते तशीच मूस इथे असते, फक्त ॲल्युमिनाची. ती मूस क्वार्ट्झच्या नळीत ठेवून नळी आगीने सीलबंद करतात. मग भट्टीत हजार अंश किंवा त्याहून जास्त तापवायचं, काही तास तसंच ठेवायचं आणि तिथून खाली उतरायचं. तासाला काही मोजकेच अंश. घाई केली की खडीसाखरेऐवजी नुसता भुगा मिळतो. शेवटी नळी गरम असतानाच उलटी करून यंत्रात गरगर फिरवतात. वितळलेलं कथील निथळून जातं आणि मागे राहतात चमकदार, कागदासारखे पातळ, काही मिलिमीटरचे स्फटिक. अभ्रकासारखे त्यांचे थर निघतात.

इथवर सोपं वाटलं असेल, तर २००८ मध्येच अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत काय झालं ते ऐका. त्यांनी बेरियम कुटुंबाचा स्फटिक कथलातून वाढवला. हा पदार्थ उणे १३३ अंशांच्या आसपास चुंबकी अवस्थेत जातो हे वडीवरून माहीत होतं. स्फटिकात मात्र तो बदल उणे १८८ च्या जवळ दिसला. कारण कथील पूर्ण निथळलं नव्हतं. त्याचा एखादा टक्का अंश स्फटिकाच्या रचनेतच शिरून बसला होता. एका टक्क्याने पंचावन्न अंशांचा फरक पाडला! त्यानंतर या कुटुंबासाठी बऱ्याच जणांनी कथील सोडलं आणि लोखंड-आर्सेनिकच्याच पाकातून स्फटिक वाढवायला सुरुवात केली. बाहेरचं काही आत शिरायचा प्रश्नच मिटला.

पण मिटला का? बेरियमच्या जागी कॅल्शियम घेतलं तर कथलातून वाढवलेल्या स्फटिकात हा बदल उणे १०३ अंशांना होतो. तेच संयुग लोखंड-आर्सेनिकच्या पाकातून वाढवून, उच्च तापमानावरून झटकन थंड केलं, तर बदल उणे १७३ च्याही खाली सरकतो आणि स्फटिकाची रचनाच निराळ्या पद्धतीने आकसते. सूत्र तेच, घटक तेच. फरक फक्त पाकाचा आणि थंड करण्याच्या वेगाचा. एकाच शेतातली केळी दोन पद्धतींनी पिकवली तर एक गोड आणि दुसरी तुरट लागावी, तसं काहीसं. फक्त इथे चवीवरून एक पूर्ण सिद्धांत उभा राहू शकतो किंवा पडू शकतो.

लोखंड-सेलेनियमचं वेगळंच दुखणं. त्याची हवी ती रचना साधारण ४५० अंशांच्या खालीच टिकते. वितळवून थंड करायला गेलं तर वाटेत दुसरी रचना होते आणि स्फटिक आतून तडकतो. त्यामुळे हा ‘साधा’ पदार्थ २००८ मध्ये सापडला तरी त्याचे खरोखर स्वच्छ स्फटिक मिळायला आणखी पाचेक वर्षं गेली. ते क्षारांच्या मदतीने, वाफेतून, कमी तापमानाला सावकाश वाढवले गेले. त्यात टेल्युरियम मिसळलं तर काम जरा सोपं होतं. दिल्लीच्या अवाना यांच्या गटाने २०१५ मध्ये असे मोठे स्फटिक कुठलाही पाक न वापरता, वितळवून आणि हळू थंड करून काढल्याचं प्रसिद्ध केलं.

कुलाब्यातली भट्टी

मुंबईत नेव्ही नगरच्या टोकाला, समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. आपण तिला टीआयएफआर म्हणतो. तिथे ए. तमिळवेल यांच्या गटाचं कामच स्फटिक वाढवण्याचं आहे. होसोनोंच्या शोधाला वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा या संस्थेत कॅल्शियम कुटुंबाचे स्फटिक वाढवून त्यातल्या थोड्या लोखंडाच्या जागी कोबाल्ट घातलं जात होतं. २००९ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. कोबाल्ट नसलेला स्फटिक चुंबकी होतो, थोडं कोबाल्ट घातलं की चुंबकत्व दबतं आणि खूप कमी तापमानाला अतिवाहकता येते, हे त्यांनी वेगवेगळ्या दिशांनी मोजून दाखवलं. त्याच संस्थेतल्या कलोबरन मैती यांच्या गटाने अशा स्फटिकांवर प्रकाश पाडून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा अभ्यास केला. हा अभ्यास पावडरीवर होऊच शकत नाही. इलेक्ट्रॉन कुठल्या दिशेने, किती ऊर्जेने निघाला हे बघायचं, तर स्फटिकाचा ताजा, सपाट पापुद्रा लागतो.

टीआयएफआरचं या विषयातलं नातं त्याहून जुनं आहे, आणि ते मराठी माध्यमांत फार क्वचित येतं. १९९४ मध्ये आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात उणे २६१ अंशांच्या जवळ अतिवाहकता जाहीर केली. निकेल हेही लोखंडासारखंच चुंबकी धातूंच्या घरातलं. त्यांच्या शोधातून एक नवीन कुटुंबच उघडलं. अमेरिकेतल्या बेल लॅबने लगेच त्यावर काम करून नेमकी रचना शोधली आणि निकेलच्या जागी पॅलेडियम घेऊन तापमान आणखी वर नेलं. होसोनोंच्या चौदा वर्षं आधी, ‘चुंबकी धातू असला तरी अतिवाहकता असू शकते’ याचा एक ठळक पुरावा कुलाब्यातून आला होता.

आणि २०१७ च्या जानेवारीत याच संस्थेच्या एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ अतिवाहक असल्याचं ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं. तापमान होतं निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतकं. बिस्मथचा स्फटिक पुरेसा शुद्ध नसता, तर हे मोजमाप कुणी मानलंच नसतं. स्फटिक वाढवणाऱ्या तमिळवेल यांचं नाव त्या निबंधातही आहे.

स्फटिकाला चिमटा

स्फटिक मिळाल्यावर त्याचं करतात काय? एक उदाहरण पुरेसं आहे. लोखंडाच्या या पदार्थांत अणूंची मांडणी वरून पाहिली तर चौरस असते. थंड करत गेलं की एका टप्प्याला चौरसाचा किंचित आयत होतो. गोंधळ असा की स्फटिकाच्या काही भागात आयत उभा, काही भागात आडवा. मोजमाप पुन्हा सरासरीच. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एका छोट्या चिमट्यात स्फटिक धरून हलकासा दाब दिला, म्हणजे सगळे आयत एकाच दिशेने झोपतील. आणि दिसलं काय, तर दोन दिशांच्या विजेच्या अडथळ्यात भरपूर तफावत होती. आकारातला फरक अगदी किरकोळ, पण इलेक्ट्रॉनांच्या वागण्यातला मोठा. म्हणजे बदल घडवणारे मुळात इलेक्ट्रॉन आहेत, अणूंची जाळी फक्त त्यांच्यामागे फरफटत जाते, असं आता बरेचजण मानतात. अतिवाहकतेचं मूळही तिथेच कुठेतरी असावं, असा अंदाज आहे. उत्तर अजून बाकी आहे.

मग मामांचं बिल?

समजा उद्या खोलीच्या तापमानाचा अतिवाहक खरंच सापडला. तरी बिल शून्य होत नाही. देशात वीज कंपन्यांची तांत्रिक आणि व्यावसायिक हानी साधारण १५ ते १७ टक्के धरली जाते आणि त्यात चोरी व न वसूल झालेली बिलंही येतात. तारेत उष्णता होऊन जाणारी वीज हा त्यातला एक भाग. बिलातला मोठा खर्च वीज तयार करण्याचा असतो. तापीपलीकडे दीपनगरला कोळसा जळतोच आहे, तो अतिवाहकाने फुकट होत नाही. मामांना रात्री मळ्यात जावं लागतं ते तारेतल्या अडथळ्यामुळे नव्हे, कोणत्या फीडरला कधी वीज द्यायची या वेळापत्रकामुळे. त्याचं उत्तर सौर फीडर, रोहित्रं आणि लाइनमन यांच्याकडे आहे.

अतिवाहक केबल मात्र खोटी नाही. जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ मध्ये एक किलोमीटरची अशी केबल जमिनीखाली टाकली गेली. शांघायमध्ये २०२१ च्या अखेरीस १.२ किलोमीटरची सुरू झाली. दोन्ही तांब्याच्या ऑक्साइड कुटुंबातल्या, दोन्हींना द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ च्या आसपास सतत थंड ठेवावं लागतं. दाट वस्तीच्या शहरात, जिथे नवी केबल टाकायला जागाच नाही, तिथे हा खर्च परवडू शकतो. यावल-फैजपूर रस्त्याच्या कडेने नाही.

लोखंडाच्या कुटुंबाचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. ते अतिशय तीव्र चुंबकी क्षेत्रातही अतिवाहक राहतात आणि त्यांचा गुण दिशेनुसार फार बदलत नाही, त्यामुळे मोठ्या चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी ते आकर्षक आहेत. बीजिंगच्या मा यानवेई यांच्या गटाने २०१६ मध्ये अशी शंभर मीटर लांबीची पहिली तार काढली. कणांना वेग देणाऱ्या महाकाय यंत्रांसाठी तिचा विचार चालू आहे.

आणि तुमच्या-माझ्या आयुष्यात अतिवाहक आधीच आहे. एमआरआयच्या यंत्रात. त्यातला चुंबक नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचा असतो आणि प्रचलित यंत्रांत तो हजार-दीड हजार लिटर द्रवरूप हेलियममध्ये बुडालेला असतो. भारत जवळपास सगळा हेलियम आयात करतो. २०१७ मध्ये कतारची शेजारी देशांनी कोंडी केली तेव्हा जगभर हेलियमची टंचाई जाणवली होती. कमी थंडीत काम करणारी, स्वस्त, मजबूत तार मिळाली तर पहिला फायदा इथे दिसेल. जळगावला एमआरआयसाठी पेशंट घेऊन गेलेल्या माणसाला शून्य बिलाच्या रीलपेक्षा ही बातमी जास्त कामाची आहे.

माझी तक्रार आमच्याच धंद्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या रंगा डायस यांनी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये खोलीच्या तापमानाच्या अतिवाहकतेचा दावा केला, तेव्हा आपल्याकडेही मथळे झाले. पहिला निबंध २०२२ मध्ये आणि दुसरा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला. मागे घेतल्याची बातमी तुमच्या ग्रुपवर आली होती का? माझ्या तरी नाही. ‘सापडलं’ याला लाखो व्ह्यू मिळतात. ‘सहा महिने भट्टी हळू थंड केली आणि मग कळलं की ते तसं नव्हतं’ याला कुणी क्लिक करत नाही.

पैशाचंही तसंच आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यात क्वांटम पदार्थांचं केंद्र आयआयटी दिल्लीला आहे आणि सेन्सिंगचं आयआयटी मुंबईला. चांगलंच आहे. पण क्वांटम कॉम्प्युटरचे फोटो छापले जातात आणि त्यासाठी लागणारा पदार्थ वाढवणारा माणूस, जो नळी फुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, तो फोटोत नसतो. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. ते कल्हईसारखंच हाताखाली राहून शिकावं लागतं.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. पाऊण तास लागला. त्यांनी मध्येच विचारलं, “मग पुढच्या वेळी व्हिडिओ आला तर मी काय बघू?” मी म्हणालो, एवढंच बघा की स्फटिक कुणी वाढवला आणि दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत तोच निकाल आला का. नसेल आला तर फॉरवर्ड करू नका.

मग त्यांनी त्यांच्या धाकट्या मुलीचं विचारलं. ती फिजिक्समध्ये बीएस्सी करतेय. तिला हे असलं काम करायचं तर कुठे जायचं? मुंबईचं टीआयएफआर आहेच, तिथे पीएचडीसाठी प्रवेश परीक्षा असते. पण त्याआधी बघण्यासारखी एक जागा सातपुड्याच्या पलीकडेच आहे. मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूर, खंडवा करत जो रस्ता इंदूरला जातो, त्याच खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे. तिथे द्रवरूप हेलियम आहे, कमी तापमानाची आणि तीव्र चुंबकी क्षेत्राची मोजमापं होतात आणि देशातल्या विद्यापीठांचे शिक्षक व संशोधक प्रस्ताव पाठवून आपले नमुने तिथे मोजून घेऊ शकतात. इंदूरलाच राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, ज्याच्या क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासता येते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात एमएस्सी करताना एखाद्या प्राध्यापकांचा असा प्रस्ताव मंजूर झाला, तर विद्यार्थ्यालाही तिथे जाता येतं. तिने पहिला प्रश्न विचारला तो तिथे हॉस्टेल आहे का, हा. ते मी आता शोधतोय.